‘झोप लागत नाही’च्या पुढचा प्रश्न

मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

माझ्या व्यवसायबंधूंनो आणि भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळची वेळ, बाहेरच्या बाकावर सात-आठ जण ताटकळलेले, आणि आत माझ्यासमोर रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका. वय अठ्ठ्याहत्तर. महिन्याभरातली त्यांची ही तिसरी खेप. तक्रार तीच: झोप लागत नाही, तोंडाला चव नाही, गॅस वर चढतो. मी बीपीचा पट्टा सोडत होते, तेवढ्यात ते म्हणाले, “या महिन्यात पेन्शन नाही आली.” का, तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नव्हता. “मशीनवर ठसे उठत नाहीत माझे,” असं म्हणून त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर उघडे ठेवले. उभी हयात लोखंड घासलेली बोटं, कडेला पडलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. मी हसत म्हटलं, “काका, आता मोबाइलवर नुसता चेहरा दाखवला तरी चालतं. नातवाला सांगा. जिवंत आहात हे सरकारला कळवायला नको का?” तेही हसले. मी झोपेची गोळी लिहिली, पित्ताची लिहिली, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नवव्या दिवशी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

तो केसपेपर मी अजून फाडलेला नाही. तीन तारखा आणि तिन्हींपुढे माझ्याच अक्षरात तेच दोन शब्द, निद्रानाश आणि अपचन. काकू जाऊन सात महिने झाले होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांचा केसपेपर कपाटातून मीच काढून ठेवला होता. ठसे उठत नसतील, ते खोटं नव्हतं. पण दाखला द्यावासाच वाटत नव्हता, हे त्यांनी मला त्यांच्या पद्धतीनं सांगितलं होतं आणि मी त्यावर मोबाइलचा उपाय सुचवला.

दहाव्याला गेले, तर जिन्यात दोघी-तिघी बोलत होत्या. “सुटले बिचारे.” त्यात वाईट हेतू काही नव्हता. आपल्याकडे म्हातारं माणूस गेलं की हा शब्द ओठावर तयारच असतो. त्याच गल्लीतला बारावीतला एक मुलगा आदल्या पावसाळ्यात असाच गेला होता, तेव्हा अख्खी गल्ली महिनाभर सुन्न होती. शाळेत समुपदेशक आले, मंडळानं पालकांची सभा घेतली, मलाही दोन शब्द बोलायला बोलावलं. काकांच्या वेळी सभा झाली नाही आणि खरं सांगायचं तर मलाही ती व्हावी असं सुचलं नाही. पिकलं पान, गळालं. मुलाच्या बाबतीत आपण ‘का?’ विचारतो, म्हाताऱ्याच्या बाबतीत कारणं आपल्याला आधीच पाठ असतात. बायको गेली, गुडघे गेले, पोरं लांब, मग राहिलंय काय? माझी तक्रार या ‘राहिलंय काय’बद्दल आहे. हे पत्र तुम्हाला लिहितेय, कारण हा प्रश्न मी स्वतःच मनातल्या मनात विचारला होता आणि औषधाची चिठ्ठी त्या हिशेबानंच लिहिली होती.

आकड्यांचं आधी उरकून घेते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. यातले साधारण दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले. तेव्हा सगळा भर तरुणांवर आहे, यात चूक काही नाही, आणि तो भर काढून म्हाताऱ्यांकडे वळवा असं मी म्हणत नाही. पण देशात तरुणच संख्येनं जास्त आहेत. एकूण संख्येऐवजी लोकसंख्येच्या प्रमाणात दर काढला की चित्र पालटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या अहवालात म्हटलं होतं की जगाच्या जवळजवळ सगळ्या भागांत सर्वांत चढा दर सत्तरीपुढच्या स्त्री-पुरुषांत आहे. आपल्या देशापुरतं बोलायचं, तर तमिळनाडूत वेल्लोरजवळच्या कनियांबाडी भागात १९९४ ते १९९९ या काळात घरोघरी जाऊन प्रत्येक मृत्यूचं कारण विचारलं गेलं. पोलिसांच्या कागदावर दिसतो त्याच्या कितीतरी पट दर तिथं निघाला. पुरुषांत तो वयाबरोबर चढत गेला. बायकांत दोन उंचवटे दिसले, एक १५ ते २४ या वयात आणि दुसरा पासष्टीनंतर. आता ऐंशीच्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद’ लिहिणं किती सोपं असतं, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

मला झोपू न देणारा आकडा मात्र वेगळाच आहे. तरुणांमध्ये एका मृत्यूमागे शंभर ते दोनशे प्रयत्न असतात, असा अंदाज दिला जातो. वृद्धांमध्ये एका मृत्यूमागे सुमारे चार.

तरुण मुलगा किंवा मुलगी जेव्हा टोकाला जाते, तेव्हा बरेचदा ते वादळ असतं. भांडण, नकार, निकाल, दारू, कर्जाचा तगादा, आणि काही तासांतली उलथापालथ. मरायचंही असतं आणि कुणीतरी थांबवावं असंही वाटत असतं. ती वेळ टळली की बहुतेक जण परत फिरतात. शरीर तरुण असतं, घरात कुणी ना कुणी असतं, वेळेवर हाक पोहोचते. पहिला प्रयत्न हाच पुष्कळदा आपल्याला मिळालेला इशारा ठरतो. म्हाताऱ्या माणसाचं तसं नसतं. तिथं विचार महिनोन् महिने मुरलेला असतो, बोलणं कमी झालेलं असतं, दुपारभर घरात दुसरं कुणी नसतं आणि शरीरात तग धरायची ताकद उरलेली नसते. पहिल्या प्रयत्नानंतर मदत करू, असं म्हणायला तिथं जागाच नाही. जे करायचं ते त्याच्या आधी.

आणि ‘आधी’ ही माणसं कुठं असतात? आपल्या बाकावर. आत्महत्येनं गेलेली माणसं त्याआधी कुणाकडे गेली होती, याचे अनेक अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. पंचावन्नच्या पुढच्यांपैकी निम्म्याहून जास्त जण शेवटच्या महिन्यात आपल्यासारख्या साध्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. पस्तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण एक चतुर्थांशाहूनही कमी होतं. तरुण पोरगा मोबाइलवर हेल्पलाइन शोधेल किंवा मित्राला मेसेज करेल, आपल्या दवाखान्यात येणार नाही. काका येतात. चपला बाहेर काढून, नंबर लावून येतात आणि गॅसबद्दल बोलतात.

कारण उदासी हा शब्द त्यांच्या तोंडी नसतोच. पंचाहत्तरीचा माणूस कधी म्हणालाय का तुम्हाला, “मला डिप्रेशन आलंय”? तो म्हणतो अंगात कस नाही, चक्कर येते, पोट साफ होत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, पेपर वाचतो पण डोक्यात जात नाही. आपण सोनोग्राफी करतो, थायरॉइड तपासतो (तपासायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही) आणि रिपोर्ट नॉर्मल आले की ‘वयाचं आहे’ म्हणतो. वयाचं नसतं ते. नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नाही, आजार आहे, आणि या वयातही तो औषधांना चांगला प्रतिसाद देतो. इथं एक गंमत सांगते, आपल्यातल्या कित्येकांच्या मनात अजून उलटीच भीती बसली आहे. नैराश्यावरच्या औषधांनी आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दिला, तो मुलांसाठी आणि २००७ पासून २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी. त्याच इशाऱ्यात पासष्टीपुढच्यांमध्ये हा धोका कमी होताना दिसला, असंही नमूद आहे. आपण इशारा लक्षात ठेवला, वय विसरलो. आणि म्हाताऱ्या माणसाच्या हाती काय दिलं, तर महिन्याभराच्या झोपेच्या गोळ्या! मी हल्ली आठवड्यापुरतंच औषध लिहिते आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात राहील असं बघते.

दुखणी, नैराश्य, हात-पाय चालेनासे होणं, एकटेपण ही कारणं जगभर तीच आहेत. पण मुंबईत त्यांना मुंबईचा आकार येतो. माझे निम्मे पेशंट आता चाळीतून टॉवरमध्ये गेलेत. चाळीत एखादं दार सकाळी नऊपर्यंत बंद दिसलं, तर तीन जणी कडी वाजवायच्या. बाविसाव्या मजल्यावर दार बंद असणं हीच रीत. गॅलरीत उभं राहून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करणारी माणसं आता वॉचमनला इंटरकॉम कसा लावायचा ते विचारत बसतात. मुलगा विरारला किंवा बदलापूरला, सात-बावन्नची गाडी पकडणारा. त्याला वेळ नाही हे म्हाताऱ्यालाही कळतं आणि नेमकं तेच त्याला खातं. “पोरावर माझं ओझं नको.” तरुणांच्या तोंडून मी “मला कुणी समजून घेत नाही” ऐकते, म्हाताऱ्यांकडून ‘ओझं’. डायपरचा खर्च, मधल्या खोलीत टाकलेली कॉट, नातीच्या अभ्यासाच्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगणं, यांतून ते वाढत जातं. कानाला कमी ऐकू येऊ लागलं की माणूस घरात बसून घराबाहेर पडतो. ऐकण्याच्या यंत्राचा विषय मी आता मनाच्या औषधाइतकाच निकडीचा समजते.

माझ्या अनुभवात बाईपेक्षा एकट्या राहिलेल्या पुरुषाची जास्त काळजी करावी लागते. बाई विधवा झाली तरी तिचा ओटा सुटत नाही, हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं तरी भजनी मंडळ असतं, शेजारीण असते. पुरुषाला पोह्यांचा डबा कुठला तेही ठाऊक नसतं. त्याचे मित्र म्हणजे ऑफिसातले, आणि तेही एकेक करून गळालेले. बायको गेल्यानंतरचं पहिलं वर्ष, घर बदलल्यानंतरचे काही महिने, इस्पितळातून घरी सोडल्यानंतरचे आठवडे, एखाद्या मोठ्या आजाराचं नाव नुकतंच कळलेलं असणं: अशा वेळी समोरचा माणूस ‘झोप लागत नाही’ म्हणाला, तर मी आता पेन खाली ठेवते.

आणि विचारते. याचीच आपल्याला भीती वाटते ना? विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातला जाईल, ही ती भीती. तसं होत नाही. विचारल्यानं धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट माणूस मोकळा होतो. पण विचारण्याची तऱ्हा असते. “असलं काही मनात नाही ना तुमच्या?” हा प्रश्न नव्हे, उत्तर आहे, समोरचा “छे छे” म्हणून मोकळा होतो आणि आपणही. मी पायरीपायरीनं जाते. जाग आल्यावर काय विचार येतात? सकाळ होऊच नये असं वाटतं का? आपणच जीवाचं काही करून घ्यावं, असं मनात आलंय का? आलं असेल तर काही ठरवलंय का? ‘देवानं न्यावं आता’ हे आपल्या घराघरांतल्या आज्या चहा गाळतानाही म्हणतात, त्यावर घाबरायचं कारण नाही. मात्र नंतरचे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुठलं ‘न्यावं’ सवयीचं आणि कुठलं खरं, हे कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.

काकांनंतर वर्षभरानं एक निवृत्त शिक्षिका आल्या. तक्रार चक्करेची. मधुमेह, डोळा अधू, मुलगा-सून दोघं नोकरीला. तिसरा प्रश्न विचारला आणि त्या गप्प झाल्या. चष्मा काढला, पदराच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी, परत पहिली. बाहेर कुणीतरी खोकलं. मग त्यांनी मला विचारलं ते असं: “सांगितलं, तर सूनबाईला कळेल का?” मी म्हटलं, घरातल्या कुणाला तरी सांगावं लागेल, पण कुणाला ते तुम्ही ठरवा. त्यांनी डोंबिवलीच्या भाच्याचं नाव घेतलं. त्याला मी त्यांच्यासमोरच फोन केला. तो त्या रात्री त्यांच्याकडे राहिला, दुसऱ्या दिवशी त्यांना मानसोपचार तज्ज्ञाकडे घेऊन गेला. सुनेला पंधरा दिवसांनी त्यांनी आपणहून सांगितलं. आता त्या माझ्याकडे येतात त्या गोळीनं तोंड कोरडं पडतं ही तक्रार घेऊन, आणि मालिकेतल्या सासूला अक्कल नाही हे सांगायला. या सगळ्याला त्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली. बाहेरचे लोक वैतागले, दोघं उठून गेले. ते मी लपवत नाही. आपल्या दवाखान्याचं गणित मलाही ठाऊक आहे.

‘पोलिसांचं लचांड’ ही दुसरी धास्ती. मनातला विचार डॉक्टरला बोलून दाखवणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न करणाऱ्याच्या बाबतीतही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेबरोबरच गेलं. आजी-आजोबांना हे ठाऊक नसतं. ‘घराण्याची अब्रू’ आणि ‘पोलीस’ या दोन शब्दांखाली पुष्कळ काही दडपलं जातं, म्हणून हे त्यांना सांगावं लागतं.

आता मागणं. इटलीच्या वेनेतो भागात १९८८ पासून एक साधी सोय होती: एकट्या राहणाऱ्या, आजारी वृद्धांना आठवड्यातून दोनदा फोन करायचा, विचारपूस करायची, आणि गरज पडली तर त्यांना हाक मारता यावी असं एक यंत्र घरी द्यायचं. ११ वर्षांत १८,६४१ जणांनी ती वापरली. त्या वस्तीच्या दरानुसार त्यांच्यात वीस-एकवीस आत्महत्या व्हायला हव्या होत्या, झाल्या सहा. फायदा मुख्यतः बायकांना झाला, पुरुषांना फारसा नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. मला त्याचं नवल वाटत नाही. माझ्या कंपाउंडरच्या वहीत सध्या चौदा नावं आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी तो फोन करतो. बायका त्याच्याशी दहा-दहा मिनिटं बोलतात. पुरुष “बरं आहे” म्हणतात आणि ठेवतात. म्हणून पुरुषांना मी बीपी तपासायला दर आठवड्याला बोलावते. खरं तर महिन्यातून एकदा पुरेसं असतं. पण पट्ट्यात हात अडकला की काही जण बोलतात. या तपासणीचे पैसे मी घेत नाही, कुणी फारच आग्रह धरला तर पाच रुपये घेते, कारण फुकट यायचा संकोच वाटला की तसा माणूस पुढच्या वेळी येत नाही.

तुमच्यापैकी प्रत्येकानं अशी दहा नावं धरली तरी पुष्कळ. ज्याला औषधं सुरू करायचा आत्मविश्वास नसेल, त्यानं केईएम, नायर, सायनच्या मानसोपचार विभागाकडे चिठ्ठी द्यावी. पण नुसती चिठ्ठी देऊन सोडू नये, सोबत कोण जाणार ते विचारावं. पंच्याहत्तरीचा माणूस त्या रांगेत एकटा उभा राहत नाही, परत फिरतो. काही ठरवलंय असं उत्तर आलं, तर त्याला त्या दिवशी एकटं घरी पाठवायचं नाही, सोबतीला माणूस येईपर्यंत बाकावर बसवून ठेवायचं. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. हे दोन्ही मी मोठ्या अक्षरांत छापून बीपीच्या यंत्राशेजारी लावले आहेत. कुणी डॉक्टर नसलेले हे वाचत असतील आणि स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या बाबतीत हे सगळं ओळखीचं वाटत असेल, तर त्यांनीही याच नंबरांवर फोन करावा, नाहीतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन गॅसच्या आधी हे सांगावं.

अजून एक बारीकशी गोष्ट, कुठल्याही पुस्तकातली नव्हे. नोव्हेंबर आला की पेन्शनर पेशंटला मी विचारते, “हयातीचा दाखला दिला का?” ऐंशीच्या पुढच्यांना केंद्राच्या पेन्शनसाठी तो ऑक्टोबरपासूनच देता येतो, तेव्हा त्यांना महिनाभर आधी. बहुतेक जण बँकेतल्या गर्दीवर, त्या मशीनवर, सरकारवर तोंडसुख घेतात. ते ऐकून मला बरं वाटतं. गेल्या नोव्हेंबरात एक जण म्हणाले, “कशाला?” मी कंपाउंडरला आत बोलावलं, बाहेरच्यांना अर्धा तास लागेल असं सांगायला लावलं आणि दार लोटून घेतलं.

आपली,
लालबागच्या एका गल्लीतली फॅमिली डॉक्टर